कण्याचा मागचा तुकडा

आरा, रज्जब ११३०

मासिगादादांना तेन्नेचा सलाम.

पूर्वेचा वारा सुटला. तुमच्या बाजूला जाणारी पहिली नाव उद्या निघते आहे, म्हणून घाईघाईने लिहिते. मामींची, तुमच्या आईची, प्रकृती ठीक. गुडघे धरून बसतात आणि परमुलखात दुसरं घर थाटल्याबद्दल तुम्हाला शिव्या घालतात, म्हणजे बऱ्याच आहेत असं समजा.

दादा, बासोची नाव आली नाही. मोहरममध्ये तुमच्या वेऱ्याहून तांदूळ भरून निघाले, एवढं मागून आलेल्या खलाशांनी सांगितलं. माझ्या नवऱ्याला धरून नऊ माणसं. पश्चिमेचा वारा पडला, बाकीच्या सगळ्या नावा आल्या, वाळूवर ओढून झाल्या, त्यांची डागडुजीसुद्धा झाली. आमच्या नावेची जागा तेवढी रिकामी आहे. मी रोज टेकाडावर जाऊन बसते. बुंगा आधी यायची, आता येत नाही. आमची पोर पंधरा वर्षांची झाली, लोकांच्या नजरा तिला कळतात.

त्या नजरांचंच सांगायचं आहे. पहिले चाळीस दिवस बायका माझ्याकडे येऊन रडत होत्या. एकेचाळिसाव्या दिवशी तोम्पोची बायको जावी आली. तिचा भाऊ आमच्या नावेवर सुकाणूला होता. तिने रडणं थांबवून माझ्या घराचे कोपरे बघायला सुरुवात केली. नाव बाहेर असताना घरातले नेम पाळलेस ना? केर शिडीवरून खाली लोटलास का? रांजण कधी कोरडा पडला का? माळ्यावरचा तुकडा कुणी हलवला का? मी तिला कोपऱ्यात जमवलेला केर दाखवला, भरलेला रांजण दाखवला, आणि माळ्यावर चढवून तुकडाही दाखवला. सात वर्षांपूर्वी तुम्ही नावेच्या बुडाचा कणा दोन्ही टोकांना कापलात, पुढच्या टोकाचा तुकडा समुद्रात टाकलात, तो नवरा. आणि मागच्या टोकाचा पांढऱ्या कापडात बांधून माझ्या हातात दिलात, ती बायको. ती गाठ मी एकदाही सोडली नाही. तरी जावी म्हणाली, मग नाव बाहेर असताना गावातल्या लग्नात हसत कशाला होतीस?

गावचे प्रमुख, गल्लारांग, न्यायाला बसले. ते म्हणाले, नाव तीन गोष्टींनी जाते, समुद्राने, लाकडाने, नाहीतर घराने. वर्षभर थांबू. समुद्राची किंवा लाकडाची काही खूण मिळाली नाही तर घराचा दोष, मग तेन्नेचं घर उतरवायचं. आता विहिरीवर माझ्यानंतर कुणी पोहरा टाकत नाही.

तुम्ही त्यांना शेवटचं पाहिलंत. वारा कसा होता, ढग होते का, जे आठवेल ते गल्लारांगांना लिहा. तुमच्या शब्दाला इथे वजन आहे.

तुमची,
तेन्ने


वेरा, सफर ११३१

तेन्नेला मासिगाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. काय लिहू पोरी? बासो माझ्याच अंगणात जेवून गेला. हाफ्साच्या हातचा मासा खाऊन म्हणाला, आमच्या तेन्नेला असा येत नाही, आणि लगेच म्हणाला, हे तिला सांगू नका. आता सांगतो आहे, तर माझंच बोट अडखळतं.

ते निघाले तेव्हा वारा बरा होता. पुढचं मी काय सांगणार? वादळ झालंही असेल. पण जे पाहिलं नाही ते गल्लारांगांना कसं लिहू? उगाच खोट्याला पाय फुटायचे.

एक गोष्ट आहे. सांगेआंग बेटाच्या पाठीमागे एका नावेचा कणा किनाऱ्याला लागला आहे. मागचा खांब निखळून गेलेला, दोन-चार फळ्या लटकत आहेत. आपल्याकडचं काम दिसतं. तुझ्या नावेचा असेल, नसेलही. तुझ्याकडचा तुकडा पाठवून दे. टोकाला लावून बघतो. जुळला तर निदान कळेल तरी, आणि मग मी लिहीन काय लिहायचं ते. बांधलेला आहे तसाच पाठव, गाठ सोडू नको, कुणाला दाखवू नको. रुम्पाआजोबांना तर मुळीच नको. मला वासला धरायला त्यांनी शिकवलं हे खरं, पण आता डोळे गेल्यापासून म्हातारा सगळ्यातच खोट काढतो.

आईला काळं कापड पाठवलं आहे. बुंगाला इथल्या मधाची बुधली.

मासिगा


आरा, शाबान ११३१

दादांना सलाम.

तुमचं पत्र वाचून चार दिवस मी माळ्याच्या खाली नुसती बसून राहिले. तुकडा घराबाहेर काढायचा म्हणजे बासो मेला असं मीच म्हणायचं. मग वाटलं, मेलाच असेल तर त्याला चार माणसांत मेला म्हणणारं कुणी तरी हवं. कुणाला विचारलं नाही. विचारायला उरलंय कोण? बुंगाचं ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं. मुलाच्या आईने सुपारीचं तबक शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवलं आणि वर न येता गेली. मी विणलेलं कापड कुणी घेत नाही. तुमची आई तेवढी येते. कण्हत कण्हत शिडी चढते आणि मका भाजून मागते. तिला भूक नसते, मला माहीत आहे.

दादा, मी गाठ सोडली. पाठवायच्या आधी एकदा हात फिरवावा वाटलं, म्हणून. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी सोडली. त्याची शिक्षा मिळाली.

तुकडा हातभर रुंद, चार बोटं जाड, वरून अजून तेलकट. पण बरोबर मधोमध अंगठ्याएवढा डाग होता, फिकट. मी नखाने टोकरलं तर खपली निघाली आणि आत भोक. आरपार. आत काळा भुगा. मी आठ वर्षं हे माळ्यावर ठेवलं, दर शुक्रवारी कापडावरून हात जोडले, आणि आत वाळवी लागली होती ते मला कळलं नाही.

जावी खरं बोलत होती. केर नाही, रांजण नाही, पण घरानेच घात केला. बायको आतून कुजली, तिकडे समुद्रात कण्याचं काय झालं असेल? तुम्ही कणे घडवता, तुम्हालाच कळेल. घरातल्या तुकड्याला कीड लागली तर नावेला लागते का? मला खोटं सांगू नका. नऊ माणसं माझ्यामुळे गेली असतील, तर मी गल्लारांगांपुढे जाऊन तसं म्हणणार आहे. बाकीच्या आठ बायकांना कुणावर तरी रडता येईल.

तुकडा पाठवत नाही. असा पाठवायची लाज वाटते. तुमच्या उत्तराची वाट बघते.

तेन्ने


वेरा, रबीउलअव्वल ११३२

तेन्ने,

असलं काही गल्लारांगांपुढे बोलू नकोस. तुझा दोष नाही. किड्यामुंग्या कुणाच्या घरात नसतात? ते भोक मुळात हातभर खोल, तेवढ्याने काही आख्खा कणा जात नाही, चांगला खांब ठोकला की वर्षानुवर्षं टिकतो. समुद्राने नेलं असं समज आणि सोडून दे.

माझं ऐक. तो तुकडा टेकाडावरून समुद्रात टाक, आणि बुंगाला घेऊन इकडे ये. हाफ्सा मनाने चांगली आहे, घर मोठं आहे. इथे तुला कुणी काही विचारणार नाही. मी आहे तोवर तुम्हा दोघींना कमी पडू देणार नाही.

या पत्राबद्दल आईला काही बोलू नको. तिला झेपायचं नाही.

मासिगा


आरा, रज्जब ११३२

मासिगा,

दादा म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

तुझं पत्र यायच्या पाच-सहा महिने आधी मी गल्लारांगांपुढे उभी राहिले होते. रमजान संपेपर्यंत थांबले, ईद झाली, दुसऱ्या दिवशी गेले. म्हटलं, तुकडा माझ्या घरात कुजला, दोष माझा. कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी त्याच दिवशी घर उतरवायला घेतलं. खांब, वासे, शिडी, सगळं बाकीच्या आठ घरांत वाटलं. तुमच्या आईने, म्हणजे तुझ्या आईने, मला बोलावलं, पण तिच्या घरावर बालंट नको म्हणून मी गेले नाही. मी आणि बुंगा मिठागराच्या झोपडीत राहतो. बुंगाचे हात मिठाने फाटले आहेत. ती माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघत नाही.

मग तुझं पत्र आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं, की निदान तू तरी मला दोष देत नाहीस. दुसऱ्यांदा वाचलं. तू लिहितोस, भोक हातभर खोल. माझ्याकडचा तुकडा चार बोटं जाड आहे, मी तुला तसं कळवलंही होतं. मग हातभर भोक कुठे पाहिलंस?

तुकडा मी टाकला नव्हता. झोपडीत उशाला होता. तो घेऊन रुम्पाआजोबांकडे गेले. त्यांनी भोकात करंगळी घातली, उरलेली खपली दाताखाली धरली, आणि विचारलं, हे तुला कुणी दिलं? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "वाळवी राळ लावत नाही, पोरी. ही राळ आणि भुसा आहे. कापला त्या दिवशीच भरलाय. बुंधा आधीपासून पोकळ होता."

नऊ माणसं, मासिगा. आणि तू मला येऊन राहा म्हणतोस.

तुझं पत्र आणि हा तुकडा घेऊन मी गल्लारांगांपुढे जाऊ शकते. जात नाही, कारण मग तुझ्या आईची शिडी काढतील, तिलाही वाळीत टाकतील, आणि या गावात माझ्या घरी मका खायला येणारी ती एकटी होती. शिवाय माझं आता ऐकणार कोण? रुम्पाआजोबा म्हणतात, ज्याने कणा कापला त्यानेच त्याच्याबद्दल बोलायचं, दुसऱ्या सुताराचं तोंड तिथे चालत नाही. तेव्हा तूच लिही. स्वतःच्या हाताने, गल्लारांगांच्या नावाने.

आणि ते राहू दे बाजूला, त्याहून घाईचं हे आहे. आजोबा म्हणाले, त्या बुंध्यातून कणे दोन निघाले होते. दुसरा जावीच्या नवऱ्याच्या, तोम्पोच्या नावेला आहे. ती नाव पहिल्याच वाऱ्याने तुमच्याकडे गेली, हे मला कळायच्या आधी. चौदा माणसं आहेत तिच्यावर. पश्चिमेचा वारा सुटेतो ती तुझ्या किनाऱ्यावर असेल. तिला निघू देऊ नकोस. माझं घर गेलं ते गेलं. ती नाव निघू देऊ नकोस.

तेन्ने


वेरा, सफर ११३३

तेन्ने, आणि तिच्या हातून गल्लारांगांना,

करवत एकदा लाकडाला लागली की थांबवायची नाही, हे आराच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मी थांबवली नाही. करवत पार गेली, तुकडा माझ्या मांडीवर पडला, आणि मधोमध काळा डाग दिसला. बोट लावलं तर आत गेलं. भोवती सगळं गाव उभं होतं. कोंबडा कापून झाला होता. बासो हसत होता. कण्यात कीड निघाली तर सुताराने वासला खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा नाही. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. मी डागावर तळवा ठेवला आणि पांढरं कापड मागितलं. तुकड्यातली राळ मी कापडाच्या आत हात घालून भरली. कण्यातली नंतर, एकटा असताना.

दोन दिवसांनी तोम्पोच्या नावेचा कणा कापला, तेव्हा काय निघणार हे मला आधीच माहीत होतं. त्या दिवशी राळ मी कमरेला बांधूनच नेली होती.

आरा मी चांगल्या लाकडासाठी सोडलं असं सगळ्यांना सांगितलं, ते खरं नाही. पाण्यात उतरलेल्या त्या दोन नावा रोज दिसत होत्या म्हणून सोडलं. इथे लागलेला कणा बासोच्याच नावेचा आहे. पाहताक्षणीच ओळखला. मागचा खांब जिथे बसतो तिथूनच फुटला आहे. तेन्नेकडून तुकडा मागवला तो जुळवायला नाही, जाळायला. घराचा दोष नाही. समुद्राचा नाही. लाकडाचाही नाही, लाकडाने मला दाखवलं होतं.

तेन्ने, तू सांगितलेलं काम मी पुरतं केलं नाही. तोम्पोला म्हटलं, मागचा खांब मला नीट वाटत नाही, नाव वाळूवर ओढ, दोन महिने थांब. तो हसला. म्हणाला, "दादा, तुमचंच काम आणि तुम्हीच भिता? दहा वर्षं हिने मला फिरवलंय." पुढचं सांगायला मी तोंड उघडलं. त्याची माणसं भोवती भात खात बसली होती, दोघे माझ्याकडून वासला शिकलेले. माझ्या तोंडून निघालं, बरं, मग मीही येतो तुमच्याबरोबर, आईला भेटून बरेच दिवस झाले.

मला तू काय म्हणशील ते माहीत आहे. मीही स्वतःला तेच म्हणतो आहे. उद्या सकाळी नाव निघायच्या आधी पुन्हा एकदा बोलून बघेन. जमेल असं वाटत नाही. नाही जमलं तर राळेचं भांडं आणि दोऱ्या घेऊन मागच्या खांबापाशी बसेन, आरा दिसेपर्यंत हलणार नाही.

हे पत्र दोनदा लिहिलं आहे. एक माझ्या कमरेला असेल. दुसरं हाफ्साजवळ ठेवतो, ती ते मागून निघणाऱ्या नावेने पाठवेल. माझ्या आईचा यात काही दोष नाही. तिची शिडी काढू नका.

मासिगा


आरा, रज्जब ११३३

हाफ्सावहिनींना तेन्नेचा सलाम.

आपण एकमेकींना कधी पाहिलं नाही. बासो तुमच्या हातच्या माशाची स्तुती करून गेला, तेवढीच ओळख.

तुम्ही पाठवलेलं पत्र पोचलं. ज्या नावेने ते आलं ती तोम्पोच्या नावेच्या आठ दिवस मागून निघाली होती, आणि आधी पोचली. गल्लारांगांनी ते नावांच्या मांडवाखाली सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे कुणी बघेना. मामी उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोराचं ऐकू नका, माझी शिडी काढा." कुणी काढली नाही. सगळे टेकाडाकडे धावले.

चाळीस दिवस आम्ही तिथे होतो. जावी आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसायचो. वहिनी, स्पष्टच लिहिते, दुसरं कुणी तुम्हाला लिहिणार नाही. नाव आली नाही. फळी नाही, दोरी नाही. दादा गेले. माझा त्यांच्यावरचा राग अजून तसाच आहे, आणि तरी मी त्यांच्यासाठी रडले. कसं रडले ते मामींना माहीत आहे.

गावाने मला घर बांधून दिलं. तेच खांब, तेच वासे, आठ घरांतून परत आणले. विहिरीवर आता बायका मला आधी पाणी भरू देतात. मला ते नको आहे, पण भरते.

एकेचाळिसाव्या दिवसाचं सांगायला हे पत्र लिहिते आहे. त्या दिवशी पाच-सहा बायका जावीच्या घराकडे निघाल्या. मांडवाखाली पत्र ऐकलेल्याच बायका. मीही मागून गेले. वर जाऊन बघते तर त्यांनी काही विचारायची गरजच नव्हती. जावी कोपऱ्यातल्या केराच्या ढिगापाशी बसली होती. मला बघून म्हणाली, "मी एकदा केर लोटला होता, तेन्ने. रमजानात. एकदाच. पाहुणे यायचे होते."

जिने मला गावाबाहेर काढलं ती ही. तिला तसंच बसू द्यावं असं एक क्षण मला वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. मग मी माळ्यावर चढले, तिचा तुकडा खाली आणला, कापड फाडलं आणि अंगठ्याने राळ आत ढकलली. तिचं बोट धरून त्या भोकात घातलं, म्हटलं, नाव इथून गेली, केराने नाही. धरून ठेवलं. ती ओरडली, सोड म्हणाली, तरी सोडलं नाही. बाकीच्या बायकांनाही एकेक करून बोट घालायला लावलं. मग केरसुणी घेतली आणि तो सगळा केर शिडीवरून खाली लोटला.

तुमच्याकडेही आपली माणसं राहतात, तुमच्याकडेही एकेचाळिसावा दिवस येईलच. म्हणून या पत्राबरोबर माझा तुकडा पाठवते आहे, उघडाच, कापडाशिवाय. कुणी येऊन घराचे कोपरे बघायला लागलं तर पुढे करा. कुणी आलं नाही, आणि तुम्ही स्वतःच कोपरे बघायला लागलात, तर भोकात बोट घालून बघा.

आणि वहिनी, केर साठला असेल. तो लोटून टाका.

तेन्ने